खांबाजवळचा पाट

सर्र… सर्र… सर्र…

हा आवाज मी सगळ्यात आधी ऐकला. नवसू सुताराचा रंधा माझ्या पाठीवरून फिरत होता. पातळ, गोल छिलके त्याच्या मांडीवर पडत होते. मधेच तो थांबायचा, तळहात फिरवून बघायचा आणि माझ्याशीच बोलायचा, "अजून टोचतंय रे बाबा. पोरीबाळी बसायच्यात तुझ्यावर."

मी पाट आहे. जेवायला बसतात तो लाकडी पाट. सिद्धगडाच्या बाजूला, मुरबाडपासून एसटीने जावं लागतं अशा गावात धाऊबाबांचं घर आहे. त्यांच्या शेताच्या बांधावर शिवणीचं झाड होतं. ते वाऱ्याने पडलं. धाऊबाबांनी त्याचे दोन पाट करून घेतले, कारण त्यांच्या मुलाचं, देवजीचं, लग्न ठरलं होतं. एकावर देवजी बसला. माझ्यावर बसली नवी नवरी, सकू. तिच्या हळदीचा डाग माझ्या एका कोपऱ्यावर बरीच वर्षं होता. पुढे माझा जोडीदार मधोमध चिरला आणि गोठ्यात गेला. दूध काढताना सकू त्याच्यावर बसते. मी घरातच राहिलो.

मला शाळा नाही. लिहिता-वाचता येत नाही. मला माणसं कळतात ती त्यांच्या बसण्यावरून. धाऊबाबा भाताची गोणी उतरवावी तसे हळूहळू बसायचे. देवजी नांगराहून आला की धपकन बसायचा. सकू तर पुरती कधी बसलीच नाही. बुड जरा टेकवायची, की कोणाला तरी भाकरी हवी असायची. पाहुणा आला की मला पुसून पुढे ठेवायचे. घरातल्या बायका मात्र शेवटी, जमिनीवर बसून जेवायच्या. असं का, हे मी कधी कोणाला विचारलं नाही. पाटाने काय विचारायचं?

मग नम्रता झाली. तिचं उष्टावण माझ्यावरच झालं. मामाच्या मांडीवर बसून तिने भाताचा पहिला घास घेतला आणि दुसऱ्यासाठी एवढी ओरडली की सगळी माणसं हसली. तेव्हापासून ती जेवायला माझ्यावरच बसायची. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण असलं, की बसल्या बसल्या डोलायची. तिच्याबरोबर मीही डुलायचो. सुखाचे दिवस होते ते.

देवजीची मोठी बहीण गंगी गावातच दिलेली. रोज एक फेरी तिची असायचीच. मनाने चांगली, पण तोंडाला झाकण नाही. दारातून आत येतानाच ती माणसाच्या अंगाकडे बघून काहीतरी बोलणार.

"काय गो नमे, पाट मोडशील की एक दिवस!"

सगळे हसायचे. नमूसुद्धा हसायची. मी मोडणार नव्हतो. शिवणीचं लाकूड असं मोडत नाही. पण ते सांगायला मला तोंड कुठे होतं?

नमू मुरबाडला कॉलेजला जायला लागली. संध्याकाळची गाडी कधीकधी चुकायची, म्हणून देवजीने तिला मोबाइल घेऊन दिला. घरात त्या मोबाइलला रेंज नव्हती. पडवीतल्या मधल्या खांबाशी बसलं तरच यायची. मग नमू मला उचलायची, खांबाजवळ ठेवायची, खांबाला पाठ लावून बसायची. अशी माझी जागा बदलली. सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे, आणि बाकीचा वेळ खांबापाशी.

तिची मैत्रीण हेतल. मुरबाडच्या बाजारात तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. तिच्या घरी कम्प्युटर होता. एका रविवारी ती आली तेव्हा दोघी मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. सकूने विचारलं, "काय बघत बसता गो त्यात एवढं?"

"ऑर्कुट आहे, काकू. आपला फोटो लावायचा. मग सगळे बघतात, खाली लिहितात."

"सगळे म्हंजे कोण?"

"सगळे म्हणजे… सगळे!"

"त्यांना कामंधंदे नायत वाटतं?"

हेतल खोखो हसली. नमूही हसली. ते तिचं पोटातून आलेलं हसू मला अजून आठवतं, कारण नंतर तसं हसू मला फार दिवस मिळालं नाही.

कॉलेजात गॅदरिंग झालं. नमू आईची जांभळी साडी नेसून गेली होती. हेतलने सगळ्यांचा एक फोटो काढून लावला. दोन दिवसांनी नमू खांबापाशी बसून तो बघत होती. एकदम तिचं अंग ताठ झालं. मग ती हळू आवाजात, स्वतःलाच ऐकवल्यासारखं वाचू लागली.

"अर्धा फोटो तर हिनेच खाल्ला."

खाली कोणी कोणी हसल्याचं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याने स्वतःचा फोटो लावला नव्हता. तिथे गुलाबाचं फूल होतं, असं ती नंतर हेतलला सांगत होती. हेतल म्हणाली, "अगं जाऊ दे ना, टाइमपास करतात लोक." नमू म्हणाली, "हो गो, मी कुठं मनाला लावून घेतलंय." पण तेच एक वाक्य ती पुन्हा पुन्हा उघडून वाचत होती. त्या रात्री तिने ताटातली दुसरी भाकरी उचलून टोपलीत परत ठेवली.

थोड्या दिवसांनी ती सकूला म्हणाली, "आये, मी सोमवार धरते."

सकूला किती बरं वाटलं! कॉलेजात जाणारी मुलगी देवाचं करते म्हणते. सोमवारच्या मागे गुरुवार आला. मग शनिवार. मग चतुर्थी. आमच्याकडे माणूस जेवला नाही तर दहा जण विचारतात, पण उपास आहे म्हटलं की कोणी एक शब्द विचारत नाही. उलट हात जोडतात. नमूला ते कळलं होतं. साबुदाणा भिजवला तर म्हणायची, "मी कडक धरलाय." संध्याकाळी उपास सोडायची वेळ आली की म्हणायची, "डोकं दुखतंय, दूध घेते." दूध मांजर प्यायचं.

गंगी तर गावभर सांगत सुटली. "सकू, नशीब काढलंस. पोरगी देवाधर्माची निघाली. आणि बघ तरी, अंग कसं उतरलंय! आता कशी छान दिसते. हेच आदी केलं असतंस तर, नमे?"

ते ऐकून नमूच्या अंगात आनंदाची एक शिरशिरी आली. ती मला लागली. मला भीती वाटली.

मग नवे फोटो. आता खाली लिहिलेलं ती मोठ्याने वाचायची. "वॉव! कसली बारीक झालीस. सांग ना काय करतेस?" अशी वाक्यं आली की क्षणभर ती हलकी होऊन बसायची. पण तो आनंद भाकरी पचायच्या आतच संपायचा. मग पुन्हा बटणं दाबायची, पुन्हा वाट बघायची. कोणी काही लिहिलं नसलं तर दुसऱ्या दिवशी ताट आणखी रिकामं. गुलाबाच्या फुलाने पुन्हा काही लिहिलं नाही. तरी ती रोज त्याच्यासाठीच उपाशी राहत होती.

मी तिला लहानपणापासून झेललेलं. आता माझ्यावर माणूस बसतं आहे असं वाटेना. हाडं बसत होती. ती मला टोचायची नाहीत, मीच तिला टोचायला लागलो. नवसूने इतका गुळगुळीत केलेला मी! एके दिवशी तिने माझ्यावर गोधडीची घडी टाकली आणि मग बसली. सकू म्हणाली, "थंडी वाजते वाटतं पोरीला." थंडी तर वाजत होतीच. भर दुपारी, दारात ऊन असताना तिचे तळपाय गार असायचे. तिचे केस गळून माझ्या फटीत अडकायचे. सकू झाडून काढायची आणि म्हणायची, "मुरबाडचं पाणी खराब."

देवजी कमी बोलणारा. एकदा ताट घेऊन तो मुद्दाम तिच्याशेजारी येऊन बसला.

"नमे, दोन घास खा गो माझ्यासंगं."

"बाबा, गुरुवार हाय."

देवाचं नाव पुढे आल्यावर तो काय बोलणार? तो नुसता भातात बोटं फिरवत राहिला.

मार्गशीर्ष आला. गुरुवारची लक्ष्मी मांडायची. चौरंगावर कलश, कलशात पाच झाडांच्या डहाळ्या, वर नारळ, नारळाला मुखवटा आणि वेणी. शेवटच्या गुरुवारी बायका बोलावल्या. कुमारिका म्हणून नमूलाच बसवायचं ठरलं. एवढे उपास करणारी मुलगी घरात असताना दुसरी कशाला शोधायची? हेतलही मुरबाडहून आली होती.

मला धुऊन, पुसून कलशासमोर ठेवलं. चारी बाजूंनी रांगोळी काढली. नमू येऊन बसली. सकूने तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओटीत फळ घातलं. नमूच्या पायांवर हात फिरवताना सकूचा हात जरा थांबला होता. पण बायका गाऊ लागल्या होत्या. आरती सुरू झाली. टाळ्या, धूप, कापूर. खोलीत वारा नाही. त्या आठवड्यात नमूने माझ्यावर बसून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

आणि ती कापायला लागली.

आधी बोटं. मग गुडघे. मग सगळं अंग. इतकी थरथरत होती की माझे दोन्ही पाय जमिनीवर टक टक टक वाजू लागले. ती टकटक बायकांनी ऐकली. आरती थांबली. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरे, मान एका बाजूला.

गंगी ओरडली, "आली! आली गो बाय! लक्ष्मी आली!"

मला ओरडावंसं वाटलं, अगं, देवी नाही, पोर पडतेय! पण लाकूड ते लाकूड. गंगीने नमूची वेणी सोडली, कपाळभर कुंकू फासलं आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. मागोमाग सगळ्या वाकल्या. कोणी पाठीशी धरून बसलं, कोणी धूप आणखी पुढे सारला.

"आये, माझ्या संदेशला नोकरी कदी लागंल ते सांग."

"लक्ष्मी, आमची म्हैस गाभ धरत नाय."

"अगो, म्हशीचं काय विचारतेस, जावयाचं विचार!"

सकूही वाकली. रडत होती. तिच्या लेकीच्या अंगात देवी आली होती. एवढा मान त्या घराला कधी मिळाला नव्हता. देवजी दारात हात जोडून उभा होता. पण त्याचे डोळे मिटलेले नव्हते. तो लेकीच्या तोंडाकडे बघत होता.

नमूला सगळं ऐकू येत होतं. हे मला कळत होतं, कारण प्रत्येक प्रश्नाला तिचं अंग आक्रसत होतं. आणि माझ्या मनात एक विचार आला, त्याने मी गार पडलो. ही आता गप्प राहिली तर? तर ही देवी होईल. मग हिला कोणी जेव म्हणणार नाही. हिची हाडं दिसली तरी लोक हात जोडतील. ही अशीच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, नैवेद्याच्या ताटासमोर उपाशी मरून जाईल. आणि तिला ते हवं होतं. निदान अर्ध्या नमूला तरी हवं होतं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

एवढ्यात हेतलने मोबाइल वर धरला. "नमू, इकडे… एक फोटो."

नमूने पोट आत ओढून घेतलं.

रोजची सवय. कोणी मोबाइल समोर धरला की ती असंच करायची. थरथरणारं, पडायला आलेलं ते अंग, त्यातही तिने उरलंसुरलं पोट आत घेतलं आणि हनुवटी जरा वर केली. दुसऱ्या कोणाला ते कळलं नाही. पण सकूचं कपाळ त्या वेळी लेकीच्या मांडीवर होतं. तिच्या तोंडाजवळचं ते पोट आत गेलेलं तिला कळलं.

सकूने डोकं वर केलं. देवी फोटोसाठी पोट आत घेत नाही, एवढं कोणत्याही आईला कळतं. ती बघतच राहिली. मग बाकी कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"नमे… तूच हाईस ना गो?"

नमूने डोळे उघडले. सगळ्या बायका पायाशी बसलेल्या. माझे पाय अजून वाजत होते. टक, टक, टक.

"आये," ती म्हणाली, "देवी नाय आली. भूक लागलेय मला. लई भूक लागलेय."

गंगीच आधी बोलली, "असं वंगाळ बोलू नको गो, कोप व्हईल! सकू, ती देवी परीक्षा बघतेय."

सकू उठली. कलशापुढचं नैवेद्याचं ताट तिने उचललं.

"अगो, देवाच्या आदी?" गंगीने तिचा हात धरला.

"आदी," सकू म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

आता सगळं ठीक झालं, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. नमूने दोन घास घेतले, तिसरा घेतला, आणि सगळं माझ्यावरच उलटलं. मग ती आडवी झाली. देवजीने तिला उचललं तेव्हा त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मला पुन्हा ऐकायला नको. त्याने जोर लावून उचललं होतं, आणि उचलायला काहीच नव्हतं. जीप करून तिला मुरबाडला नेलं, तिथून कल्याणच्या दवाखान्यात.

ती परत आली तेव्हा तिच्या हाताला सलाइनच्या सुया टोचल्याचे काळे डाग होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी आईबापांना समोर बसवून सांगितलं होतं, की हा आजार आहे. हट्ट नाही आणि देवाचं काही नाही. शरीराला औषध लागेल, पण मनाला जास्त लागेल, आणि वेळ लागेल. रोज तिच्यासोबत जेवायला बसा. आणि तिच्या अंगाबद्दल घरात कोणीही एक शब्द बोलायचा नाही. वाईट नाही, आणि चांगलाही नाही.

"चांगलं पण नाय?" देवजीने विचारलं होतं म्हणे.

"चांगलं तर नाहीच नाही."

गावात बोलणं उठलं की सकूने दारात आलेली लक्ष्मी घालवली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईना. गंगीने यायचं बंद केलं. सकूने ते सोसलं. पहिल्यांदाच ती लेकीबरोबर जेवायला बसू लागली. नमू माझ्यावर, सकू शेजारी जमिनीवर. एक घास नमूचा, एक सकूचा. कधी पाऊण तास लागायचा. कधी भाकरी तशीच राहायची आणि नमू रडायची. कधी सकूच पदर तोंडाला लावून चुलीमागे जायची. हेतल आली होती. तिने ते फोटो काढून टाकले. खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "मी गंमत म्हणून लावला होता गं." नमू म्हणाली, "माहीत हाय."

नमू अजून खांबापाशी बसते. मोबाइल बघते. लगेच कसं सुटेल? पण गेले काही दिवस गोधडी न घेता बसते.

मी म्हातारा झालो आहे. माझी एक कड उकलली आहे, नवसूने माझ्या मधोमध बसवलेलं पितळी फूल कधीच गळून गेलं. आता घरोघर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत. आमच्याकडेही येतील. मला गोठ्यात जोडीदाराशेजारी ठेवतील किंवा चुलीत घालतील. माझं काही म्हणणं नाही. फक्त जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. पोरगी ताटावर बसली की तिच्या ताटाकडे आणि अंगाकडे बघून काही बोलू नका. तुमचा शब्द तुम्ही विसरून जाता. ती तो उपाशीपोटी जपून ठेवते. बोलायचंच असेल तर पावसाचं बोला, कॉलेजचं बोला, म्हशीचं बोला.

परवाची गोष्ट. वेलीला काकड्या लागल्या आहेत. सकाळी नमू माझ्यावर बसून भाकरी खात होती. शेजारी सकू. दारात सावली आली. गंगी. इतक्या महिन्यांनी. ओच्यात काकड्या. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

सकूचा घास हातातच राहिला. नमूचं अंग माझ्यावर दगडासारखं झालं. भाकरीचा तुकडा तिच्या बोटांत होता, तोंडात जात नव्हता.

गंगीने नमूच्या मनगटाकडे बघितलं. गालांकडे बघितलं. ताटाकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं. आता ही बोलणार. सुधारलीस म्हणणार, नाहीतर वाळलीस म्हणणार. काहीही म्हणाली तरी तो तुकडा परत ताटात जाणार होता.

गंगीने तोंड मिटलं. ओच्यातल्या काकड्या एकेक करून उंबऱ्याशी ठेवल्या, पदर सारखा केला, आणि काही न बोलता निघून गेली.